लेन्सशेजारचा स्क्रू

"हात लावायचा नाही म्हणजे? मग काय लांबून फुंकर मारून दुरुस्त करू?"

"मशीनला लावा हो. खोला, ठोका, काय करायचं ते करा. पण चालू झालं की रिमोटला हात नाही. चिकटपट्टी लावलेलं एकच बटण आहे, तेवढं दाबायचं नि रिमोट खाली ठेवून द्यायचा."

फुंकर मिस्त्रीनं मान वर केली. काउंटरपलीकडं ड्रायव्हरकाका उभे. तीस वर्षं बस चालवून घरी बसलेला माणूस, पण अजून कुठंही उभा राहिला तर एक पाय ब्रेकवर असल्यासारखा पुढं. मध्ये टॉवेलात गुंडाळलेलं जुनं गेमचं मशीन.

फुंकर हे काही त्याचं नाव नव्हे. कुठलंही मशीन पुढ्यात आलं की हा आधी वाकून आत फुंकर मारणार, मग स्क्रूड्रायव्हर उचलणार. निम्मी मशीनं त्यावरच चालू होतात नि गिऱ्हाइकाला ते सांगायचं नसतं, असं तो म्हणायचा. बायको म्हणायची, मी आजारी पडले तर हा आधी माझ्या कानात फुंकेल. बावीस वर्षं एका स्टुलावर बसून पाठीला बाक आलेला, आणि भिंग लावून लावून उजवा डोळा कायमचा बारीक झालेला. नवख्या माणसाला वाटायचं, हा डोळा मारतोय.

काकांनी हकीकत तुकड्यातुकड्यानं सांगितली. मशीन मुलाचं. तो नोकरीला लांब गेला नि हे कपाटावर राहिलं. काकूंचे गुडघे गेलेले, पलंगापासून चुलीपर्यंत जायचं तर दोनदा बसावं लागायचं. त्यांनी ते मशीन खाली काढायला लावलं आणि बघता बघता शिकल्या. मारामारीचा गेम नव्हता. लाल रुमाल बांधलेली एक बाई डोंगर चढते, लाकडं गोळा करते, नदी ओलांडते, एवढंच. काकू रोज दुपारी तिला चालवायच्या. काका टोमणे मारायचे, की तीस वर्षांत मी गेलो नसेन एवढी लांब तू बसल्या जागी गेलीस, आता परत येताना चहा टाकून ये. एका दुपारी काकूंनी नदीकाठी बाईला उभं केलं, रिमोट खाली ठेवला, जरा पाठ टेकते म्हणाल्या, आणि उठल्याच नाहीत.

तेव्हापासून काका रोज दुपारी मशीन लावतात. चिकटपट्टीचं बटण दाबलं की गेम सोडला तिथून चालू होतो. बाई नदीकाठी उभी असते. काका समोर बसतात. आता आठ दिवस झाले, डिस्क आत जाते, घरघरते, टक टक टक करते आणि पडद्यावर येतं की डिस्क वाचता येत नाही.

"ती दिसली पाहिजे," काका म्हणाले. "बाकी मला त्यातलं काही नको."

मिस्त्री हो म्हणाला. त्याला काकू आठवल्या होत्या, पण ते तो बोलला नाही. तीन वर्षांपूर्वी काठी टेकत त्या स्वतः आल्या होत्या, हेच मशीन, हीच तक्रार. दुरुस्त झाल्यावर विचारलं होतं, किती दिवस चालेल रे बाबा? आणि हा म्हणाला होता, "काकू, तुमच्यापेक्षा जास्त टिकेल."

त्या एवढ्या हसल्या की हातातली काठी पडली. उचलून ह्यानंच दिली होती.

काका गेल्यावर त्यानं मशीन उघडलं. फुंकर मारायला विसरला. डिस्कखालची लेन्स भिंगाखाली घेतली, आणि तिच्या शेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिसला. बायकोच्या बाटलीतला. खूण त्याचीच.

लेन्सशेजारी मोहरीएवढा स्क्रू असतो. लेन्स थकली की खरं तर बदलायची. पण तो स्क्रू जरासा फिरवला की तिच्या उजेडाचा जोर वाढतो आणि थकलेली लेन्स पुन्हा वाचायला लागते. गिऱ्हाईक खूश, काम पाच मिनिटांचं. फक्त त्या जोरानं लेन्स आतून जळत जाते, नि जे मशीन आणखी पाच वर्षं चाललं असतं ते दोन-तीन वर्षांत आंधळं होतं. नवीन लेन्स मिळेनाशा झाल्यापासून त्यानं असे किती स्क्रू फिरवले ह्याची गणती नव्हती. फिरवायचा आणि हलू नये म्हणून वर लाल ठिपका द्यायचा.

स्क्रूमध्ये अजून थोडी जागा शिल्लक होती. पाव वेढा. दिला असता तर लेन्स त्याच दिवशी वाचायला लागली असती, दहा-पंधरा दिवस तरी. त्यानं टोक स्क्रूवर टेकवलंही. मग हात तसाच राहिला. डिस्क काढलेली, वायर काढलेली, तरी त्याला ते टक टक टक ऐकू येत होतं. बघितलं तर पंख्याची जाळी वाजत होती. उठून जाळी आवळली. तरी येत राहिलं.

माळ्यावर त्याच जातीची चार मेलेली मशीनं होती. एकाची लेन्स काढून दुसऱ्यात घालता येते. पहिलं उघडलं, लाल ठिपका. दुसरं उघडलं, लाल ठिपका. तिसऱ्याचं झाकण त्यानं बराच वेळ काढलंच नाही, आणि काढलं तेव्हा आत तेच. ही मशीनं लोकांनी वैतागून टाकून दिली होती, भंगारवाल्यानं ह्याला आणून दिली होती. कुणाच्या घरी ह्यांच्यापुढं कोण बसायचं, कोण वाट बघत राहिलं, काय कळणार? चौथं पाणी जाऊन मेलेलं होतं. त्याच्या लेन्सला कुणाचा हात लागला नव्हता.

ती बसवायला दोन दिवस गेले. लेन्स सरकते ते रूळ पुसले, नवीन ग्रीस दिलं, लेन्सची पट्टीसारखी चपटी वायर दोनदा निसटली. तिसऱ्या दिवशी सकाळी डिस्क घातली. घरघर झाली आणि थांबली. टक टक नाही. त्यानं चिकटपट्टीचं बटण दाबलं, रिमोट खाली ठेवला.

नदी आली. काठावर बाई पाठमोरी. लाल रुमाल वाऱ्यानं हलत होता, खांदे वरखाली होत होते. तिनं भार डाव्या पायावरून उजव्यावर घेतला, जसा गुडघे दुखणारं माणूस घेतं. असल्या सगळ्या गेममध्ये उभं माणूस एवढी हालचाल करतं, हे त्यानं शंभरदा बघितलेलं. मग तिनं मान वळवून मागं बघितलं. सरळ ह्याच्याकडं.

त्यानं मशीनच बंद केलं आणि पायरीवर जाऊन उभा राहिला. शेजारच्या शिंप्यानं विचारलं, काय रे, घाम कसला? हा म्हणाला, आत गरम होतंय. शिंपी म्हणाला, थंडीत तूच एकटा गरम.

दुपारी काका आले. टॉवेल घडी घालून काखेत. मिस्त्रीनं मशीन त्यांच्यापुढं न ठेवता आधी सांगून टाकलं. स्क्रूचं, ठिपक्याचं, माळ्यावरच्या तिन्ही मशीनांचं. आणि काकूंना काय बोललो होतो तेही.

काकांनी काखेतला टॉवेल काउंटरवर ठेवला.

"तिनं घरी येऊन सांगितलं होतं ते," ते म्हणाले. "चार दिवस हसत होती. म्हणाली, पैजच लावून आले मिस्त्रीशी."

मिस्त्रीनं मशीन त्यांच्यापुढं सरकवलं.

"आता हे किती चालेल?"

"माहीत नाही, काका. स्क्रूला हात लावलेला नाही. पण लेन्स जुनीच आहे, आणि अशी दुसरी माझ्याकडं नाही. रोज तास-दोन तास लावलंत तर लवकर संपेल."

"लावा बघू."

लावलं. बाई काठावर उभी. काका स्टुलावर बसले, मनगटावरचं घड्याळ पुढं धरलं, बसस्टँडवर सुटायची वेळ बघावी तसं. बाईनं भार बदलला, मागं बघितलं. मिस्त्रीनं नजर खाली घेतली, काकांनी घेतली नाही.

"सात मिनिटं हात नाही लावला की खाली बसते," काका हळूच म्हणाले. "बघा आता."

बाई वाकली, एक हात जमिनीला टेकला आणि काठावरच्या दगडावर बसली. पाय लांब केले.

"एवढंच बघतो मग," काका म्हणाले. "बसली की बंद करीन. रोज उभं तरी किती करायचं तिला."

त्यांनी स्वतःच मशीन बंद केलं, टॉवेलात गुंडाळलं आणि छातीशी धरून पायऱ्या उतरले. मिस्त्री त्यांना वळणापर्यंत बघत राहिला.

आत आला तर काउंटरवर एका मास्तरांचा सीडी प्लेअर पडलेला, ट्रे अर्धा बाहेर येऊन अडकलेला. आज संध्याकाळी पाहिजे म्हणून दोनदा फोन येऊन गेला होता. फुंकर मारून ट्रे आत ढकलला असता तर पाच मिनिटांत चालू झाला असता, थोडे दिवस तरी. मिस्त्रीनं मास्तरांना फोन लावला, आज होणार नाही म्हणून सांगितलं, का ते विचारल्यावर काम आहे एवढंच म्हणाला. मग भिंग डोळ्याला लावलं आणि मागच्या बाजूचा पहिला स्क्रू काढायला घेतला.