खाऱ्या विहिरीचं खमीर

लढाईचे दिवस, मैदा रेशनवर, आणि तीन पोत्यांचं मळलेलं पीठ सकाळपासून काठवटीत न फुगता थंड पडलेलं. लष्करी कॅम्पने आदल्या दिवशीचे दगडासारखे पाव परत पाठवले होते.

“हा ताडी पिऊन मळतो,” शेठ म्हणाले. “पास्कू, उद्यापासून येऊ नकोस.”

“पिलो न्हाय, शेठ. रोजच्यावानीच मळलंय,” पास्कू म्हणाला. उत्तनचा हा माणूस आमच्या भाईंदरच्या बेकरीत पीठ मळायचा. घरी चार पोरं.

माझं डोकं सणकलं. मी तिथला केमिस्ट. चूक कोणाची, ते मला ठाऊक होतं.

आमची विहीर खारट. महिन्यापूर्वी शेठनी गोड्या पाण्याची पिंपं आणवली, पाव लवकर फुगतो म्हणून. आता पिंपं बंद झाली, तर पुन्हा विहीर.

“थांबा, खमीर बिघडेल,” पिंपं आली तेव्हाच मी सांगितलं होतं.

“अरे, विहिरीवर परतलो की पुन्हा सवय होईल त्याला,” शेठ म्हणाले होते.

सवय कसली, डोंबल! खमीर म्हणजे कोट्यवधी जिवंत पेशी, रोज थोडं राखून पुढच्या पिठात वाढवायच्या. त्यांतल्या काही जन्मतःच खारं पाणी सोसतात आणि तो गुण पुढच्या पिढीला देतात. खाऱ्या पाण्यात त्यांचीच पिलावळ वाढते, बाकीच्या मागे पडतात. गोड्या पाण्यात त्या संथ. दुसऱ्या भराभर वाढून त्यांना हुसकावतात. आमच्या खमिरात महिनाभर हेच झालं होतं.

पिंपं येण्याआधीचं जुनं खमीर मी काचेच्या नळीत राखलं होतं. ते वाढवलं, पास्कूला बोलावलं आणि शेठसमोर दोन घमेल्यांत पीठ मळायला लावलं. मैदा तोच, विहिरीचं पाणी तेच, हात तेच; फक्त एकात जुनं खमीर, दुसऱ्यात सध्याचं. दुपारपर्यंत जुन्या खमिराचं पीठ काठावर आलं. दुसरं हललंही नाही.

“ठीक आहे, जुनं वापरा,” शेठ म्हणाले.

“आणि पास्कू?”

“कॅम्पला कळवलंय, माणूस काढला म्हणून. आता परत घेतला तर माझी काय इज्जत राहील?”

मी वाट्टेल ते बोललो. शेठ पान चघळत राहिले.

पास्कूने हात धुतले. “मंग मला मळाया कशाला लावलंत, साहेब?”

पुढे नोकऱ्या बदलल्या, पण एक नियम पाळला. चाचणी करण्याआधी साहेबाला विचारायचं, निकाल मानणार का? बहुतेक साहेब तेव्हाच विषय बदलतात.