काकांची लाइन

गोडादऱ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांइतक्या कमी शब्दांत इंग्रजी चालवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांच्याकडे ‘लाइन’ हा एकच शब्द होता आणि तो त्यांना पुरायचा. वीज गेली की लाइन गेली, नळाला पाणी आलं की लाइन आली. रॉकेलला लाइन असायची, जळगावच्या मुलीला फोन लागला नाही की लाइन खराब. कुणी लग्नाचा मुलगा सुचवला की पहिला प्रश्न, "कोणत्या लाइनीत आहे?" यंत्रमागाच्या कारखान्यात ते मास्तर होते, नवा कारागीर त्यांच्या हाताखाली महिनाभरात ‘लाइनीवर’ यायचा. मी हिशेबी माणूस. एका रविवारी चहा पिता पिता त्यांचे अर्थ मोजू लागलो. अकरावर आलो तेव्हा ते म्हणाले, "साहेब, आज तुमची लाइन काही वेगळीच दिसते!" म्हणजे बारा.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात काकांना लकव्याचा झटका आला. हातपाय हळूहळू हलू लागले, वाचा मात्र येईना. "एमने बोलता राखो," म्हणजे त्यांना बोलतं ठेवा, असं गुजराती डॉक्टर म्हणाले, पण भरवसा दिला नाही. काकू दिवसभर खाटेशी बसून बोलत राहायच्या. काका नुसते बघायचे. एका दुपारी पंखा थांबला आणि काका स्वच्छ म्हणाले, "लाइन."

घरात पेढे वाटले गेले. पण गाडी तिथेच अडली. घरच्यांचं दुसऱ्या शब्दावाचून अडलं नाही, इतक्या वर्षांचा सराव होता. नळाकडे बघून म्हटलं तर पाणी, फोनकडे बघून म्हटलं तर जळगाव. डाळ पातळ झाली की भुवया चढवून "लाइन!" आणि सून हसत म्हणायची, "हो आबा, उद्या आणते लाइनीवर." काकू मात्र हसत नसत. मला दारात गाठून म्हणाल्या, "भाऊ, एवढ्यावरच राहिले तर हो?"

पावसाळा सरत आला तेव्हा एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. काकू आत दूध तापवत होत्या. काकांनी तिकडे पाहिलं, ओठ जुळवले, दोनदा चुकले आणि घरभर ऐकू जाईल असं म्हणाले, "सुभद्रा!"

चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं नाही, अशा रीतीत उभा जन्म काढलेला माणूस. रेशनकार्डाबाहेर ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. काकू पदराने तोंड झाकत बाहेर आल्या. "आते इतलं बोलानी काय गरज व्हती?" म्हणाल्या आणि खाटेजवळ जमिनीवरच बसल्या. आत दूध उतू गेल्याचा वास आला. कुणीच उठलं नाही. काका पुन्हा पुन्हा तेच नाव घेत होते, दर खेपेला थोडं अधिक स्वच्छ.