साडूंचं हिरवं लुगडं

आमच्या साडूंनी आयुष्यात जेवढी माणसं दाव्याला बांधली, तेवढी गुरं आमच्या अख्ख्या गावाने बांधली नसतील. दावं म्हणजे त्यांच्या बायकोचं, माझ्या थोरल्या मेहुणीचं, जुनं हिरवं लुगडं. शहाद्याला त्यांच्या घरी पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी त्याला तोरणमाळची सीताखाई दाखवायची, हा त्या घरचा नियम. आणि कड्यावर पोचल्याबरोबर लुगड्याचं एक टोक पाहुण्याच्या कमरेला बांधून दुसरं आपल्या मनगटाला गुंडाळायचं, हा साडूंचा नियम. "लुगडं मन्हं, आन पुन्न याले," असं मेहुणी म्हणत राहायची.

गाडी लावतात तिथून कड्यापर्यंतची पायवाट जेमतेम दहा मिनिटांची. साडूंबरोबर तिला अर्धा तास लागे. आधी प्रत्येकाच्या चपला उलट्या करून तपासायच्या. तळ झिजलेला दिसला की चपला साडूंच्या पिशवीत आणि माणूस अनवाणी. कड्यावर उभं राहायला सक्त मनाई. "बठीसन देख," ते म्हणत, "खाई काय पयी नही जाई ऱ्हायनी." खाई थोडीच पळून जाते? बसल्या बसल्या पुढे सरकायचं, तेही आधी "धरेल शे ना?", म्हणजे धरलंय ना, असं विचारून. मागून "धरेल शे" असं उत्तर आलं तरच. माझा जावई पुण्याचा, गॉगल लावून आलेला. त्याच्याकडून साडूंनी ते वाक्य तीनदा घोकून घेतलं आणि मग त्याला ढुंगणावर सरकवत नेलं. चारोळी विकायला बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. जावई अजूनही इकडे यायचं म्हटलं की आधी विचारतो, "मोठे सासरे गावात आहेत का?"

मीही पुष्कळ हसलो आहे. मग एकदा मेहुणीनेच मला सांगितलं आणि हसू बंद झालं. साडू एसटीत ड्रायव्हर होते, तोरणमाळच्या गाडीवर. एकदा एक प्रवासी बॉनेटजवळच्या सीटवर बसून, तंबाखू मळत, घाटभर त्यांच्याशी गप्पा मारत आला. वर पोचल्यावर दोघे बरोबरच खाई बघायला गेले. तो माणूस कडेला उभा राहिला आणि साडूंना बोलवायला मागे वळला. पायाखालचा मुरूम सुटला. साडूंनी झडप घातली, पण हातात शर्टाचं एक बटण तेवढं आलं. पंचनामा झाला, आणि संध्याकाळी परतीची गाडी साडूंनीच खाली आणली. त्या माणसाची पिशवी पुढच्या सीटवर तशीच होती. घाटाची सातही वळणं ती त्यांच्या शेजारी डुलत आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोकडे एक जुनं लुगडं मागितलं.

त्यानंतर एवढ्या लोकांना त्यांनी खाई दाखवली, पण स्वतः पाहिली नाही. बांधणाऱ्याने लुगड्याकडे बघायचं, जसं घाटात ड्रायव्हरने रस्त्याकडे बघायचं. मग काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गेलेली नजर येणार नाही, आणि उरलेलीही वर्षभराच्या आत जाईल. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता साडू म्हणाले, "समदास्ले दखाडी मी खाई. माले कोन दखाडी?"

मे महिन्यात मी त्यांना घेऊन गेलो. त्यांनी आपल्याच चपला उलट्या करून तपासल्या. मी त्यांच्या कमरेला लुगडं बांधलं; गाठ त्यांना पसंत पडली नाही, ती त्यांनी सोडून पुन्हा घातली. मग कड्यापासून चांगले वीस हात मागे बसकण मारली.

"धरेल शे ना?"

"धरेल शे," मी म्हणालो.

पुढे सरकताना दर हाताला हा प्रश्न. कडेला पोचल्यावर मान हळूहळू फिरवत त्यांनी खाई पाहिली, कारण त्यांना समोरचं मूठभरच दिसत होतं. खाली सगळं वाळून करपलेलं होतं, पाण्याचा थेंब नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "साडू, खाले रस्ता नही शे." ड्रायव्हरच तो, दुसरं काय शोधणार.

नंतर हळूच म्हणाले, "इतलं खोल शे. तो पडना तवय त्याले काही समजनं नही व्हई, ना?"

"नही," मी म्हणालो. मला काय ठाऊक? पण साडूंना दुसरं काही सांगायची माझी छाती झाली नाही.

दिवाळीपर्यंत त्यांची नजर पूर्ण गेली. आता ते लुगडं त्यांच्या खाटेपासून परसातल्या न्हाणीच्या दारापर्यंत बांधलेलं आहे, आणि त्याला धरून साडू जातात-येतात. परवा मी गेलो, तर नुकतेच उठून उभे राहिले होते. लुगडं चाचपलं आणि पाऊल न टाकता तसेच थांबले.

"धरेल शे ना?"

पलीकडच्या टोकाला दाराची कडी होती आणि त्यांनीच घालून घेतलेली पक्की गाठ. तरी मी परसात गेलो, गाठीच्या अलीकडे लुगडं दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणालो, "धरेल शे."

मग ते चालायला लागले.