चक्राखालचा तुकडा

गडमुडशिंगीच्या बौद्धवस्तीत तानाबाईंचं घर कुणाला विचारावं लागायचं नाही. शिलाई मशीनच्या आवाजामागं चालत गेलं की त्यांचं दार यायचं. नवरा लवकर गेला. शाळेचे गणवेश, ब्लाऊज, उशांचे अभ्रे शिवून त्यांनी पृथ्वीराजला एकटीनं वाढवलं. आवाज पहाडी. त्या हसल्या की गल्लीतली कुत्री उठून बसतात, असं त्यांचे चुलत दीर कृष्णात सांगायचे. वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष तेच.

एक्याण्णव साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या जयंतीला, वस्तीचा स्वतःचा झेंडा करायचं ठरलं. कोल्हापुरातनं विकत आणू, असं पुरुषमंडळींचं म्हणणं. तानाबाई विहाराच्या पायरीवरूनच बोलल्या, "इकतचा झेंडा इकणाऱ्याचा. आपला करायचा तर घरटी एक निळा तुकडा आणा."

आणले की सगळ्यांनी. कुणी पोराची शाळेची चड्डी कापली. कुणी एमआयडीसीतल्या कामावरच्या डांगरीचा खिसा उसवून दिला. एकीनं लग्नातल्या शालूचा पदरच कापला आणि सासूच्या शिव्या खाल्ल्या. कुठला तुकडा आकाशी, कुठला शाईसारखा, कुठला धुऊन धुऊन विटलेला. तानाबाईंनी स्वतः नवऱ्याच्या सदऱ्याची बाही घातली.

शेजारच्या मीनाबाईंनी झबलं आणलं. त्यांच्या बुद्धभूषणचं. वर्षाचा व्हायच्या आत तो तापानं गेला होता. झबल्याची घडी मीनाबाईंच्या हातून सुटेना. शेवटी तानाबाईंनीच एक एक बोट सोडवून ती घेतली.

"कडंला न्हाय लावायचो मी ह्येला," त्या म्हणाल्या. "मधी घेतो. वर चक्र यील. ऊन लागायचं न्हाय का वारा."

तसंच केलं. झेंड्याच्या मधोमध झबल्याचा तुकडा, त्यावर चक्राचा गोल, आणि पांढरे आरे शेजारच्या सगळ्या तुकड्यांवर पसरलेले. पुढं रीतच पडली. नवी सून आली की पहिल्या जयंतीला माहेरचा निळा तुकडा आणायची. झेंडा वाढत गेला. कोल्हापूरच्या बिंदू चौकात गावोगावच्या मिरवणुका एकत्र आल्या की लोक लांबून म्हणायचे, "ठिगळवाले आले." आधी तो टोमणा होता. नंतर वस्तीतली पोरं तेच छाती काढून सांगायला लागली. व्हय, ठिगळवाले. मग?

दोन हजार पाच साली पंचायतीच्या निवडणुकीत वस्ती फुटली. एका पॅनेलात कृष्णात, दुसऱ्यात मीनाबाईंचा नवरा. दोघंही पडले, पण एकमेकांमुळं पडलो हे दोघांनी धरून ठेवलं. तरुण पोरांनी वेगळं मंडळ काढलं, त्यात पृथ्वीराजही. एक दिवस तो नवा झेंडा घेऊन आला. गुळगुळीत, चकचकीत, छापलेला. चक्राच्या बाजूला वर आलेली मूठ, खाली पुढाऱ्याचा फोटो.

"आमचा लोगो, आई."

"लोगो म्हंजे?"

"वळख."

"आन आजपातूर काय बिनवळखीचा वाढलास व्हय रं?"

जयंती जवळ आली तशी कृष्णातांनी येऊन सांगितलं, मीनाबाईंच्या नवऱ्याकडं गेलेल्या घरांचे तुकडे आपल्या झेंड्यातनं काढून टाक. तानाबाईंनी मशीनवरून मान वर केली नाही. "उसवाय बसलो तर चक्र हातात यील, भावजी." ते निघून गेले. तानाबाईंना वाटलं, जिंकलो. त्यांनी मीनाबाईंना भिंतीपलीकडूनच सांगून टाकलं, झेंडा तुझ्या दारावरनं जाणार.

जयंतीला मीनाबाईंनी अंगण सारवलं. दारात मेणबत्ती लावली, ताटात फुलं घेतली. मिरवणूक विहारापर्यंत आली आणि कृष्णातांनी हात केला. झेंडा उलट्या गल्लीत वळला. तानाबाई बायकांतून ओरडल्या, "भावजी, हिकडं!" ताशा वाजत होता. कृष्णातांनी बघितलं आणि पुन्हा पुढं हात केला. तानाबाई क्षणभर थांबल्या. मागच्या बायकांचा लोंढा आला, आणि त्याही झेंड्यामागं निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीनाबाई उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत.

"मेणबत्ती इझूस्तवर हुबी हुतो, तानाक्का."

"मी वराडलो गं मीने. सगळ्यांनी ऐकलंय."

"मी बी ऐकलं. वराडलीस. आन मग फुडं गेलीस."

मीनाबाईंनी मशीनवर घडी करून ठेवलेल्या झेंड्याकडं बोट केलं.

"माझं लेकरू हाय त्यात. त्येला माझ्याच दारावरनं न्हेला न्हाईसा. दे त्येला."

तानाबाईंनी झेंडा जमिनीवर पसरला आणि ब्लेड घेतलं. झबल्यापर्यंत पोचायचं तर आधी चक्र काढायला पाहिजे. एक एक आरा कापडावरून सुटत गेला. शेवटी मधला गोल उचलला, तर खाली गर्द निळा तुकडा, काल शिवल्यासारखा. बाकीच्या सगळ्यांचा रंग उन्हानं उडाला होता. मीनाबाईंनी तो नाकाशी धरला आणि निघून गेल्या. पुन्हा कधी त्या ह्या उंबऱ्याला आल्या नाहीत.

दुपारपासून बायका यायला लागल्या, दोन्हीकडच्या. मीनाचा दिलास, मग आमचा का न्हाय? तानाबाई कुणाशी भांडल्या नाहीत. ज्याचा त्याचा तुकडा काढून देत राहिल्या. कृष्णातांच्या सुनेनंही माहेरचा नेला. शेवटी जमिनीवर चक्र उरलं आणि नवऱ्याच्या सदऱ्याची बाही. त्यांनी बाही चक्राखाली सरकवून बघितली. मधला गोल तेवढा झाकला. आरे उघडेच.

पुढच्या जयंतीला मुडशिंगीतून दोन मिरवणुका गेल्या, दोन छापील झेंडे घेऊन. तानाबाई घरीच होत्या. पृथ्वीराज परत आला तो दारातच बसला, बूट न काढता.

"आई, चौकात एक म्हातारा इचारत हुता. ठिगळवाले आलं न्हाईत काय औंदा, म्हणून."

"कुणाला इचारत हुता?"

"मला."

मशीन थांबलं. "मग काय सांगितलास?"

पृथ्वीराज बुटाची नाडी सोडत बसला. तानाबाईंनी शाळेच्या निळ्या स्कर्टची पट्टी सुईखाली घेतली.