रोह्याच्या मूर्ती

२ जुलै. गणपतींच्या डोळ्यांची आखणी चालली होती. पेणला आमचा मूर्तींचा छोटा कारखाना आहे. आखणीचं काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही. हात हलला की मूर्ती गेली.

लेक मुंबईहून मुलाखत देऊन आली त्याला दोन आठवडे झाले होते. एका नावाजलेल्या संस्थेत तिला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं. त्या दुपारी यादी लागली. तिचं नाव नव्हतं. ओट्यावर बसून तिने मोबाईल पालथा ठेवला.

"मार्क कमी पडले?" मी विचारलं.

"मार्क बघून मान डोलावली होती त्यांनी. मग कॉलेजचं नाव वाचलं नि विचारलं, रोहा म्हणजे कुठं?"

"मग?"

"म्हटलं, नागोठण्याच्या पुढं. मग एका यंत्राचं विचारलं, वापरलंय का. म्हटलं, आमच्याकडं नाय, सरांनी फळ्यावर काढून शिकवलं."

"हसले?"

"नाय गो आई. हसले असते तरी चाललं असतं. त्यापुढं काय विचारलंच नाय."

बी.एस्सी.ला ती रोह्याला माझ्या भावाकडे राहिली. मुंबईत राहायची सोय नव्हती, आणि रोह्याचे सर जीव तोडून शिकवायचे. तीन वर्षं ती कॉलेजात पहिली आली. पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत दे, एवढंच मला म्हणता आलं. पुढच्या वर्षीही कागदावर कॉलेज तेच असणार, हे दोघींना कळत होतं.

तेवढ्यात पुण्याचे एक व्यापारी आले. दरवर्षी येतात. मूर्तींवरून नजर फिरवत म्हणाले, "ताई, सगळ्या पेणच्याच ना? गिऱ्हाईक आधी ते विचारतं, चेहरा मागाहून बघतं."

"पेणच्याच," मी म्हटलं. वर्षानुवर्षं हेच म्हणत आलेय. खरं तर पुढच्या फळीवरच्या मूर्ती माझ्या भावाने रोह्यात घडवलेल्या. शाडूच्या कच्च्या मूर्ती तो टेंपोने पाठवतो, मी फक्त रंगवते. मूर्तीच्या हाताची बोटं त्याच्यासारखी माझ्या कारखान्यात कुणाला जमत नाहीत.

व्यापारी गेल्यावर लेक म्हणाली, "माझंपण असंच करायला हवं होतं. शिकायचं रोह्यात नि सांगायचं मुंबईचं."

मला वाटलं, ती हसेल. ती हसली नाही. रात्री जेवलीही नाही. मी ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्यापाऱ्यांना फोन केला. पुढच्या फळीवरच्या मूर्ती रोह्याच्या आहेत, असं सांगितलं.

"बोलल्या नसतात तर चाललं असतं की हो," ते म्हणाले. "आता त्या राहू द्या. बाकीच्या पाठवा."

त्यांनी मूर्ती वाईट आहेत असं म्हटलं नाही. मी एकेक उचलून मागे नेऊ लागले. लेकीने फोन ऐकला होता. ती उठली आणि दुसऱ्या बाजूने हात लावला. शेवटची ठेवल्यावर म्हणाली, "मामाला यातलं काय सांगू नको. माझंपण नको."

"नाय सांगत," मी म्हटलं.

भावाच्या मूर्तींचे डोळे अजून आखायचे होते. आता त्यांना गिऱ्हाईक नव्हतं. मी ब्रश घेतला आणि आधी त्याच आखायला बसले.