आफत टळेपर्यंतची दुआ

अब्बा लोणारच्या एका मशिदीत इमाम होते. घरात उर्दू असली तरी माझ्याशी ते वऱ्हाडीतच बोलत. मी मराठी शाळेत शिकलेला. "तुही उर्दू ऐकवत नाही बे," म्हणायचे.

त्यांच्या ट्रंकेत जुन्या उर्दू पत्रकांचं गाठोडं होतं. पॅलेस्टाईनसाठी आपल्याकडच्या आलिमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, इंग्रजांच्या काळापासून काय काय लिहिलं ते सगळं. यंदा अब्बा वाचायचे आणि मी मराठीत उतरवून घ्यायचो. ठराव, निषेध, लंडनला पाठवलेल्या तारा, परत ठराव. माझं डोकंच फिरायचं.

"अब्बा, ह्या कागदांनी तिकडं एक तरी घर वाचलं काय?"

"नाही वाचलं. पण त्यायच्या हातात दुसरं होतं काय?"

बऱ्याच पत्रकांच्या शेवटी एक सूचना असे: पहाटेच्या नमाजात संकटकाळची खास दुआ पढावी, आणि आफत टळली की थांबवावी. अब्बांनी ती तरुणपणी सुरू केली. लढाई थांबल्याचं रेडिओवर ऐकून दोनदा बंद केली, दोन्ही वेळा परत सुरू करावी लागली. "माह्या हयातीत एकदा कायमची बंद व्हावी," एवढंच त्यांचं मागणं. हे वाचन चालू असतानाच त्यांचा आवाज बसला तो बसलाच, आणि इमामत सुटली.

परगावाहून नवे इमाम आले. त्यांच्या पहिल्याच पहाटे मी अब्बांना धरून नेलं, मागं खुर्चीवर बसवलं. रुकूत कमरेतून वाकून उठल्यावर इमाम ती दुआ न पढता सरळ सजद्यात कपाळ टेकायला गेले. नमाज संपल्याबरोबर पुढच्या रांगेतले म्हातारे उखडले. "अधुरी राह्यली नमाज! परत पढवा!"

"चाचा, ती नमाजाचा भाग नाही," इमाम बिचारे म्हणाले. "फक्त आफतीत पढतात."

इतकी वर्षं आमीन म्हणता म्हणता ती दुआ कशासाठी आहे तेच लोक विसरले होते. मला लाज वाटली.

तेवढ्यात अब्बांनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांचे डोळे वाहत होते. इतकं खुश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"संपलं का बे तिकडलं?" ते पुटपुटले. "काऊन सांगितलं नाही मले?"

"नाही अब्बा. चालूच आहे. ह्या नव्या इमामांना सांगायचं आपणच विसरलो."

त्यांनी मनगट सोडलं. हात वर केले आणि दुआ सुरू केली. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. आमीन म्हणायला कोणाला ऐकूच आलं नाही.