चार काठ्या

वीसेक वर्षांपूर्वी जर्मनीत इंगोलश्टाटजवळच्या गावात आमच्या शेजारी एक जर्मन आजोबा राहायचे. मी काहीही म्हटलं की "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत मान डोलवायचे आणि स्वतःच्याच मनाचं करायचे.

गावातल्या दहा-बारा जणांची त्यांची संस्था होती. कुणी शेत विकायला काढलं की वर्गणी काढून ते घ्यायचं आणि तिथे कधीच बांधकाम होऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, म्हणून वसंतात आजोबा प्रत्येक घरट्याभोवती चार काठ्या रोवायचे. ट्रॅक्टरवाले त्या बघून वळसा घालायचे.

त्यांच्या शेतांच्या मधलं एक शेत मात्र आमच्या कंपनीने घेतलं. पार्किंगसाठी. माझीही गाडी तिथेच लागणार होती.

एप्रिलमध्ये आजोबांनी दार वाजवलं. हातात काठ्या होत्या. "तिथल्या खडीत घरटं आहे. मला आत सोडत नाहीत, तुमच्याकडे पास आहे."

शुक्रवारी मी काठ्या रोवून आलो. फोरमनशी बोलायचं धाडस काही झालं नाही. नोकरी नवीन होती.

सोमवारी तिथे रोलर फिरलेला होता. काठ्या कुणीतरी आधी उपटून, पुसून, त्यांची जुडी बांधून गेटवर ठेवल्या होत्या.

संध्याकाळी ती जुडी मी आजोबांना नेऊन दिली. "मी रोवल्या होत्या," एवढंच पुटपुटलो.

"गेनाऊ," ते म्हणाले. मग त्यांनी काठ्या मोजल्या आणि चारही परत आणल्याबद्दल माझे आभार मानले.